खुर्चीमागचा डाग

मार्च सरत आला की आमच्या भूममध्ये चुन्याचा वास सुटतो. एकीकडं सरकारी कचेऱ्यांना मार्च एंडची घाई. उरलासुरला निधी परत जायच्या आत कुठल्या तरी भिंतीला फासायचा असतो. दुसरीकडं आमच्या वस्तीत जयंतीची तयारी. एप्रिलमधल्या जयंतीला घर रंगवलं नाही, असं आमच्यात कुणी करत नाही. एखाद्या वेळी खायला कमी पडलं तर चालेल, पण भिंत पांढरीफेक पाहिजे आणि दाराला निळी पट्टी. बाया पदर खोचून भिंती खरवडत असतात, पोरं निळे हात घेऊन गल्लीभर हिंडतात, आणि कुणी ना कुणी माझ्या दारात येऊन विचारतंच, वंदनाताई, अवंदा तुमचं कधी? मी म्हणते, बघू. गेल्या साली पण बघूच म्हणाले होते. ताज्या रंगानं माझं डोकं दुखतं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. दुखतं ते डोकं नाही, पण एवढं कुणाला समजावत बसायचं.

मी एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. कुठल्या खात्याच्या, ते सांगत नाही. सांगून तरी काय, आमच्या कचेऱ्या इथून तिथून सारख्याच. तीच गंजकी कपाटं, तेच लाल फडक्यात बांधलेले बस्ते, तोच माठ आणि त्यावरचा साखळीनं बांधलेला पेला. इमारत मात्र आमची झकास. निजामाच्या काळातली, दगडी, हातभर जाडीच्या भिंती. वैशाखात बाहेर डोकं भणभणत असलं तरी आत आलं की बरं वाटायचं. कामं नसलेली माणसंसुद्धा येऊन बसायची. त्यांना उठवायला शिंदेमामा होते, आमचे शिपाई. तोंडानं फटकळ, पण उठवता उठवता त्यांना पाणीही देणार.

ही नोकरी माझी नव्हे, मिलिंदची. घरात मी त्यांना कधी नाव घेऊन हाक मारली नाही, पण लिहिताना मिलिंदच लिहिते, नाहीतर 'हे' म्हणजे कोण, असं तुम्ही विचाराल. ते गेले आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी मला घेतलं. त्यांचंच टेबल, त्यांचीच खुर्ची. अनुकंपा हा शब्द फार गुळगुळीत आहे. त्याचा अर्थ एवढाच की, नवरा जिथं बसायचा तिथं रोज सकाळी जाऊन आपण बसायचं.

मिलिंदला डोक्याला तेल लागायचं ते असंतसं नाही. त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, जवळच्या ईट गावी राहतात. ओढ्याकाठचा माका खुडून आणायच्या, वाटून खोबरेलात घालून चुलीवर कढवायच्या, आणि बाटली भरून कुणी भूमला येणारं असलं की त्याच्या हाती धाडायच्या. हिरवट-काळं तेल. वास असा की बाटली उघडली की शेजारच्या घरात कळायचं. लग्नानंतर मी एकदा दुकानातलं सुवासिक तेल आणलं, तर मिलिंदनी ते दाराच्या बिजागरीला घातलं. लेकानं आईचं तेल डोक्याला चोपडायचं, कचेरीत जायचं, आणि काम अडलं की खुर्ची मागच्या दोन पायांवर रेलून डोकं भिंतीला टेकवायचं. विचार करायची त्यांची ती पद्धत होती. अशी वर्षं गेली आणि खुर्चीमागं भिंतीवर भाकरीएवढा डाग पडला. शिंदेमामा म्हणायचे, मिलिंदराव, एक दिवस या भिंतीला केस येत्याल बघा.

दर मार्चला त्या डागावर चुना बसायचा, आणि जयंती येईपर्यंत डाग परत वर यायचा. आधी पिवळट, मग तपकिरी, पावसाळ्यापर्यंत होता तस्सा.

मिलिंद गेले ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. धाराशिवच्या सिव्हिलमध्ये त्यांना आत नेलं, तेव्हा त्यांनी मला हातानंच 'जा घरी' असं खुणावलं. तेवढंच. परत आणलं नाही कुणी. तिकडंच सगळं उरकलं, आणि उरकणाऱ्यांचाही इलाज नव्हता. मी निदान लांबून ती बांधलेली पिशवी पाहिली. आत्या ईटमध्ये घराच्या उंबऱ्यावर बसून होत्या. गावाच्या वेशीवर काट्या टाकलेल्या, गाड्या बंद. त्यांना लेकाचं तोंड दिसलं नाही, अंघोळ घालता आली नाही, डोक्यावरून हात फिरवता आला नाही. निरोप ऐकला तेव्हा त्या रडल्या नाहीत. नंतरही नाही. वस्तीतल्या बाया कुजबुजायच्या, म्हातारीचं काळीज दगडाचं हाय. मलाही एखाद्या वेळी तसं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मी कामावर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी सगळे मिलिंदचे गोडवे गात होते. जिवंतपणी ज्यांनी एका रजेसाठी त्यांना तंगवलं, तेच सगळ्यांत जास्त. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मी खुर्चीवर बसायला गेले आणि भिंतीकडं नजर गेली. डाग होता. मी खुर्ची थोडी पुढं ओढून बसले. तेव्हापासून त्या भिंतीला मी कधी पाठसुद्धा लावली नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी आत्या कचेरीत आल्या. एसटी उतरून, पिशवी काखोटीला मारून, सरळ माझ्या टेबलापाशी. शिंदेमामांनी स्टूल दिलं. त्यांनी ते भिंतीलगत ओढलं, दम खायला बसल्यासारख्या बसल्या, आणि माझ्याकडं न बघता उजवा तळवा त्या डागावर ठेवला. बराच वेळ. मग तोच हात स्वतःच्या तोंडावरून, नाकावरून फिरवला. आणि म्हणाल्या की, चल बाई, बाजार करून गाडी धरायची हाय. त्यानंतर दर बाजाराला तेच. लोकांना वाटायचं, म्हातारी उन्हाची सावलीला टेकायला येते. आत्या नि मी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. काही गोष्टी बोलल्या की उष्ट्या होतात, असं आमच्याकडं म्हणत नाहीत, मीच म्हणते.

आणि मग तो मार्च आला. मार्च एंडच म्हणा. दुपारची वेळ, सगळे पंखे गरगरतायत, जुनी वायरिंग. मागच्या खोलीतून रबर जळल्याचा वास आला. शिंदेमामा आत डोकावले ते ओरडतच बाहेर आले. आम्ही सगळे अंगणातल्या लिंबाखाली. कुणाला काही झालं नाही, एवढं नशीब. आग तशी लहानच होती, एक खोली आणि दोन कपाटं. धूर मोठा. आणि पाणी सगळ्यांत मोठं. बंबानं खिडक्यांतून असं पाणी मारलं की जे जळलं नव्हतं ते भिजलं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात, आम्ही आगीतून उठून चिखलात.

दुसऱ्या दिवशी आत गेले तर कचेरी ओळखू येईना. भिंती छतापासून फरशीपर्यंत काळ्या, त्यावरून पाण्याचे ओघळ. घोट्याएवढ्या राडीत कागद तरंगतायत. मागच्या खोलीतल्या पंख्याची पाती वाकून खाली लोंबलेली. आणि तो वास. ओल्या राखेचा, जळक्या लाकडाचा, कुजट. तो केसांत बसतो आणि अंघोळ करून जात नाही. मी सगळ्यांच्या आधी माझ्या भिंतीपाशी गेले. डाग दिसेना. मग खिडकीच्या उजेडात तिरकं उभं राहून पाहिलं, तर होता. तेलावर काजळी जास्त धरली होती. काळ्या भिंतीवर जास्त काळा गोल. मी हात लावला नाही, काजळी पुसली जाईल म्हणून.

पुढचे आठ-पंधरा दिवस आम्ही नुसते कागद वाळवले. लिंबाखाली साड्या, चादरी, जे मिळेल ते अंथरून त्यावर कागद, आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा. सांडगे-पापड वाळवायच्या दिवसांत आख्खी कचेरी अशी वाळत पडलेली. गावातल्या बाया कुंपणावरून बघून हसायच्या. मोठे साहेबसुद्धा बुशकोट काढून बनियनवर बसले होते. त्या दिवसांत आम्ही भांडलो नाही, हे आमच्या कचेरीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. मग कचेरी तात्पुरती एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये नेली. वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा.

आत्या बाजाराला आल्या, त्या तिथं. त्यांनी चहूकडं पत्र्याच्या भिंती बघितल्या. बसल्या नाहीत. "तिकडली कचेरी कवा उघडायची गं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, उघडेल लवकरच. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण पुढच्या बाजाराला परत तोच प्रश्न. त्याच्या पुढच्यालाही. पुढं पुढं भाजी न घेताच जायच्या. मला समजत होतं की त्या बाजाराला येतच नव्हत्या, विचारायला येत होत्या.

डागडुजीचं काम बब्बूमिस्त्रीकडं आलं. गावातला जुना माणूस, काम करताना स्वतःशीच बडबडणारा. सुरुवातीला ठेकेदाराच्या सांगण्यावरून त्यानं मागच्या खोलीत नुसताच चुना मारून पाहिला होता. एक हात, दोन हात, तीन हात. वाळला की धूर पिवळा होऊन वर यायचा. मिस्त्री म्हणाला, ताई, भिंतीनं धूर पिलाय, वरून पावडर लावून काय व्हतंय, गिलावा काढावा लागतोय. गिलावा काढायचा म्हणजे भिंत दगडापर्यंत सोलायची. लोक नसताना मी त्याला माझ्या जागेपाशी घेऊन गेले आणि म्हटलं, मिस्त्री, सगळं काढा, एवढं सोडा.

त्यानं बोटानं काजळी जराशी बाजूला केली. वास घेतला. "मिलिंदभाईचा हाय," तो म्हणाला. "दर सालाला म्याच ह्याच्यावर चुना मारायचो, अन् दर सालाला ह्यो मला हरवायचा. न्हाय लावत हात, जावा तुमी."

त्यानं शब्द पाळला. चारी बाजूंनी भिंत सोलली, नवा गिलावा केला, आणि मधला तेवढा तुकडा तसाच ठेवून त्यावर गोणपाट ठोकलं. मी रोज गोडाऊनमधून जेवायच्या सुट्टीत जाऊन ते गोणपाट बघून यायची. उचलून बघायची नाही. आहे, एवढं पुरायचं. नवरा नाही, त्याची राख कुठल्या नदीत गेली ते माहीत नाही, आणि मी गोणपाटाला राखण बसलेली. हसायला येतं कधी कधी. पण माणसाला धरून राहायला काहीतरी लागतं, आणि ते काय असावं हे त्याच्या हातात नसतं.

काम संपत आलं, मिस्त्री दुसऱ्या कामावर धाराशिवला निघून गेला. उद्घाटनाचा दिवस ठरला, तो नेमका बाजाराचा. वरचे साहेब येणार होते. मी आदल्या दिवशी रजा टाकून ईटला गेले, आत्यांना आणायला. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं. ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढलं. सकाळी न्हाल्या, केस विंचरले, घरातल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटलं. पोरीच्या सासरी निघाल्यासारखी त्यांची लगबग. गाडीत खिडकीपाशी बसल्या आणि भूम येईपर्यंत हाताचा तळवा मांडीवर पुसत होत्या.

कचेरी लखलखत होती, हे कबूल केलं पाहिजे. फरशी नवी, पंखे नवे, भिंतींना मोतिया रंगाचा ऑइलपेंट. साहेबांची फीत कापून झाली, पेढे वाटून झाले. शिंदेमामा घाईघाईनं आमच्याकडं आले. त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाले, मावशी, आधी इकडं या, ताईंची जागा बघा.

माझ्या खुर्चीमागं गोणपाट नव्हतं. मोतिया, गुळगुळीत, कोरी भिंत. आणि बरोबर त्या जागी खिळा ठोकून मिलिंदचा फोटो, हार घातलेला. सर्व्हिस बुकातला छोटा फोटो मोठा करून आणला होता. त्यात ते कधी नव्हते तेवढे गंभीर दिसत होते.

शिंदेमामा सांगत होते. काल साफसफाई करताना गोणपाट निघालं, बघतो तर खाली काळंकुट्ट. साऱ्या कचेरीत नेमकं ताईंच्याच डोक्यामागं मिस्त्री घाण सोडून गेला. काजळीखाली तो जुना डाग असेल, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. आधीच त्यांच्या नशिबी एवढं. मग साऱ्यांनी मिळून ठरवलं. मामांनी स्वतः पत्र्याच्या तुकड्यानं ते खरवडून काढलं, काळं पार दगडात मुरलेलं म्हणून सोड्याच्या पाण्यानं घासलं, गिलावा भरला, रंग दिला. दिवसभर लागले होते. रिटायरमेंटला आलेला, गुडघे धरलेला माणूस. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती, ती मला दिसली. त्यांच्यावर राग धरावा, तर कुठून धरावा? एवढ्या वर्षांत आमच्यासाठी एवढ्या मायेनं कुणी काही केलं नव्हतं.

आत्या पुढं झाल्या. फोटोकडं त्यांनी पाहिलंच नाही. फोटोखाली, भिंतीवर, उजवा तळवा ठेवला. मग तो नाकाशी नेला. परत ठेवला, जरा डावीकडं. मग जरा वर. आंधळं माणूस दार चाचपतं तसं त्या भिंत चाचपत होत्या, आणि सगळे कौतुकानं बघत होते. शेवटी त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

"तुमी केलं?" त्यांनी शिंदेमामांना विचारलं.

"व्हय मावशी. ह्या हातानं."

आत्यांनी दोन्ही हात त्यांच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. सुखी ऱ्हावा, म्हणाल्या. लेकरंबाळं सुखी ऱ्हावूंदी. शिंदेमामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही सगळ्यांना म्हटलं, छान झालंय.

आजही तिथंच बसते मी. येणारे लोक म्हणतात, ताई, तुमची कचेरी तर बँकेसारखी झाली. व्हय, म्हणते. रंग चांगला आहे. मार्च आला, जयंती झाली, पावसाळा झाला, भिंतीवर काही वर आलं नाही. आता मागं डोकं टेकवलं तरी चालतं, तिथं कुणी नाही. बब्बूमिस्त्री एकदा येऊन गेला. भिंत बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि चहा न पिताच गेला.

उद्घाटनाच्या त्या दिवशी मी आत्यांना एकटं सोडलं नाही, ईटला सोबत गेले. घरी पोचलो, त्यांनी लुगडं बदललं, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. तिन्हीसांज झाली. मी चुलीत काटक्या घातल्या, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज चूल पेटवायची न्हाय."

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात, आणि नको नको म्हणत असताना एक तरी घास तोंडात घालतातच. कडू घास म्हणतात त्याला. मिलिंद गेले तेव्हा कुणाला कुणाच्या दारात यायची सोय नव्हती. तो घास आम्हांला कुणी भरवलाच नव्हता. मी हातातल्या काटक्या खाली ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

शेजारच्या सोजरबाईंना घर अंधारं दिसलं. त्या अंगणात आल्या, चूल थंड बघितली, मला बघितलं, आणि घाबरून विचारलं की, काय गं बाई, कोण गेलं?

"माझा मिलिंद गेला," आत्या म्हणाल्या.

सोजरबाई गोंधळल्या. हळू आवाजात म्हणाल्या, त्याला तर लई वर्षं झाली की, आत्याबाई.

"न्हाय," आत्या म्हणाल्या. "आज गेला." आणि त्या रडायला लागल्या. लेक गेल्यावर आई जशी रडते तशा, मोठ्यानं, नाव घेऊन, जमिनीवर हात आपटत.

सोजरबाई घरी गेल्या, आणि भाकरी-पिठलं घेऊन आल्या.